संघात असूनही संघाबाहेर: चिनी क्रीडा-मालिकांमधली पोरं नेमकी कशासाठी रडतात?

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली, तेव्हा मोबाईलवर इंग्रजी सबटायटल्स लावून एक चिनी मालिका बघत होती. खेळाडू पोरांच्या संघाची गोष्ट. मीही शेजारी बसून दोन भाग बघितले. एका प्रसंगात संघात निवड झाल्याचं कळल्यावर एक मुलगा ढसाढसा रडायला लागतो. भाचीने मालिका थांबवली आणि विचारलं, "मामा, हा तर आधीपासून संघातच आहे ना? त्यांच्याबरोबरच खेळतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. मग आता निवड कसली झाली?"

प्रश्न बरोबर होता. गेल्या काही वर्षांत अशा मालिका बऱ्याच आल्या आहेत. २०२१ मध्ये आलेली टेबल टेनिसवरची 'पिंग पाँग' त्यातली गाजलेली. बाय जिंगटिंग आणि शू वेइझोऊ हे त्यातले दोन नायक, आणि राष्ट्रीय संघाकडे निघालेल्या पोरांची ती गोष्ट. आपल्याकडे ही मालिका बघणाऱ्यांना मैत्री कळते, ईर्ष्या कळते, कोचचा ओरडाही कळतो. पण 'प्रांतिक संघ', 'दुसरा संघ', 'परत पाठवणं' हे शब्द आले की गाडी अडते. ते डोक्यावरून गेले की अर्धी मालिका उगाच रडारड वाटते. म्हणून तिला सांगितलं तेच जरा सविस्तर इथे मांडतो.

आधी शिडी समजून घ्या

चीनमध्ये खेळाडू घडवण्याच्या पद्धतीला 'ज्युग्वो तीझी' म्हणतात. सगळ्या देशाची यंत्रणा एका कामाला जुंपायची, असा त्याचा अर्थ. शब्द अवघड आहे, म्हणून यापुढे मी नुसतं 'शिडी' म्हणेन, कारण तिची रचना खरोखर शिडीसारखी आहे.

अगदी खालची पायरी म्हणजे तालुक्याची किंवा शहराची क्रीडाशाळा. सहा-सात वर्षांचं मूल तिथे जातं. सकाळी वर्ग, दुपारनंतर सराव. पन्नासच्या दशकात सोव्हिएत रशियाचा नमुना समोर ठेवून या शाळा सुरू झाल्या. प्रशिक्षक साध्या शाळांमधून फिरतात, पोरांना धावायला, उड्या मारायला लावतात, हाताची लांबी मोजतात, आईबापांची उंची विचारतात. पुढे मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात आणि त्यावरून मूल किती वाढेल याचा अंदाज बांधतात. बास्केटबॉलपटू याओ मिंग नऊ वर्षांचा असताना शांघायमधल्या अशाच एका शाळेत गेला. त्याचे आईवडील दोघेही बास्केटबॉलपटू होते, त्यामुळे त्याची उंची किती होणार याबद्दल कुणाला फारशी शंका नव्हती.

दुसरी पायरी प्रांतिक संघ. सगळं बदलतं ते इथे. क्रीडाशाळेतलं मूल हे विद्यार्थी असतं. प्रांतिक संघात ते पक्कं दाखल झालं की सरकारी पटावर येतं आणि त्याला पगार सुरू होतो. आपल्याकडे अनेक वर्षं कंत्राटावर राबणारा शिक्षक 'कायम' झाला की घरात पेढे वाटतात ना, तोच प्रकार. फक्त हा 'कायम' होणारा बारा-पंधरा वर्षांचा असतो. त्याआधी तो संघाबरोबरच राहतो, जेवतो, सराव करतो, पण चाचणीवर. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तो मुलगा संघात राहत होता, पण संघाचा झाला नव्हता.

वरच्या दोन पायऱ्या राष्ट्रीय: आधी दुसरा संघ, मग पहिला. आणि शिडी म्हटल्यावर खाली उतरणंही आलं. दुसऱ्या संघात गेलेला खेळाडू कामगिरी घसरली तर आपल्या प्रांताकडे परत पाठवला जातो. मालिकेत बॅग भरण्याचा प्रसंग आला की समजायचं, कुणीतरी एक पायरी खाली आला.

तालमीतल्या पोराला हे नवं नाही

आपल्याला परकं वाटणारं हे जग कोल्हापुरात ओळखीचं वाटेल. माझा एक चुलतभाऊ तेरा वर्षांचा असताना कोल्हापूरच्या एका तालमीत राहायला गेला. पत्र्याची ट्रंक, त्यात दोन लंगोट, तुपाचा डबा आणि बदामाची पुडी. पहाटे साडेतीनला उठायचं, हौद्यातली लाल माती खणायची, मग जोर-बैठका. खुराकाचा खर्च घरचा. वस्ताद म्हणेल ती पूर्वदिशा. घरी यायचं ते सणाला, तेही वस्तादांनी सोडलं तर.

चिनी क्रीडाशाळेत आणि या तालमीत पोरांचा दिवस सारखाच जातो. फरक पैशाच्या बाजूला आहे. तालमीत दूध-तूप-बदामाचा भार बापाच्या शेतावर पडतो आणि एखादी म्हैस विकावी लागते. चीनमध्ये प्रांतिक संघापासून पुढचा भार सरकार उचलतं. आणि जो पैसा देतो त्याचा हक्कही येतो. हा हक्क पुढे प्रत्येक भांडणाच्या मुळाशी दिसतो, मालिकेतही आणि खऱ्या आयुष्यातही.

सरकारी निवासी पद्धत महाराष्ट्रात अजिबात नाही असंही नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला वडिलांनी २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पुढे त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. प्रबोधिनी, मग रेल्वे, मग देश, ही स्वप्निलची शिडी चिनी शिडीच्या नात्यातलीच. फक्त आपल्याकडे तिच्या पायऱ्या कमी आणि एकमेकींपासून लांब आहेत.

प्रांताचं एवढं काय?

या मालिकांमध्ये प्रांतिक संघांची एकमेकांशी असलेली चुरस परदेशी संघांपेक्षा कडवी दाखवतात. ती अतिशयोक्ती नाही. चीनमध्ये १९५९ पासून राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होतात, आता दर चार वर्षांनी. २०२५ ची स्पर्धा ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाव यांनी मिळून भरवली. प्रांताच्या क्रीडाखात्याचा जोर या स्पर्धेवर असतो, कारण आपण काय काम केलं हे अधिकाऱ्यांना तिथेच दाखवता येतं.

प्रत्येक खेळाडू कोणत्या तरी प्रांताच्या नावावर नोंदलेला असतो. आपल्याकडे रणजी खेळणाऱ्याला दुसऱ्या राज्याकडून खेळायचं तर आधीच्या संघटनेची एनओसी लागते, तसंच तिथेही सोडचिठ्ठीशिवाय हलता येत नाही. आम्ही लहानपणापासून पोसला, तुम्ही तयार माल उचलता काय, असा तो सवाल असतो. मालिकेत एखादा हुशार मुलगा प्रांत बदलतो आणि जुने मित्र त्याच्याशी बोलायचे थांबतात, त्यामागे हा हिशोब आहे.

याच रचनेचा एक फायदा मात्र मला फार मोलाचा वाटतो. एका ठिकाणी नाकारलेला खेळाडू दुसऱ्या ठिकाणी टिकून राहू शकतो. टेबल टेनिसपटू डेंग यापिंगला हनान प्रांताच्या संघाने उंची कमी म्हणून घेतलं नाही. ती मोठी झाल्यावरही पाच फुटांच्या आतच राहिली. प्रांताने नाकारल्यावर ती झेंगझोऊ शहराच्या संघात खेळत राहिली. पुढे १९९२ आणि १९९६ या दोन ऑलिम्पिकमध्ये मिळून तिने चार सुवर्णपदकं जिंकली, आणि निवृत्त झाल्यावर केंब्रिज विद्यापीठातून पीएच.डी. केली. शिडीच्या मोजपट्ट्या चुकतात, याचा तिच्याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

टबभर चेंडू आणि दुसऱ्याची नक्कल

टेबल टेनिसच्या मालिकेत सरावाचं एक दृश्य हमखास असतं. ते एकदा नीट बघा. टेबलाच्या एका बाजूला प्रशिक्षक, त्याच्या कोपराजवळ घमेल्याएवढ्या टबात शेकडो चेंडू. तो एका हाताने चेंडू उचलतो, दुसऱ्या हातातल्या बॅटने मारतो. पहिला चेंडू परत यायच्या आत दुसरा निघालेला असतो. डावीकडे, उजवीकडे, जाळीजवळ, पुन्हा डावीकडे. मुलाने मारलेला चेंडू कुठे पडला हे बघायलाही उसंत नसते. थोड्या वेळात जमीन पांढरी होते. मग मुलं लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन चेंडू गोळा करतात, टब भरतात, आणि पुढच्याची पाळी.

याला बहुचेंडू सराव म्हणतात. साध्या सरावात निम्मा वेळ चेंडू आणण्यात जातो. इथे तेवढ्याच वेळात कितीतरी पट फटके होतात. लहानपणी पाढे घोकून घेतले की मोठेपणी सात सत्ते विचारल्यावर आपण विचार करत नाही, एकोणपन्नास तोंडातून आपोआप निघतं. इथे पाढे हाताला शिकवलेले असतात.

दुसरी गोष्ट जास्त हलवून टाकणारी आहे. संघात काही खेळाडू फक्त इतरांना सराव देण्यासाठी असतात. परदेशी प्रतिस्पर्धी कसा खेळतो त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि आपल्या अव्वल खेळाडूला त्याची सवय लावायची, एवढंच त्यांचं काम. १९६१ ची जागतिक स्पर्धा बीजिंगमध्ये व्हायची होती. त्याआधी जपानी खेळाडूंनी चेंडूला जबर वरची फिरकी देणारा एक नवा फटका काढला होता. चिनी संघातल्या काही खेळाडूंनी वर्षानुवर्षं घोटलेली स्वतःची शैली बाजूला ठेवली आणि तो फटका शिकून घेतला, आपल्या सोबत्यांना त्यावर सराव करता यावा म्हणून. त्या वर्षी पुरुषांचं सांघिक आणि एकेरी अशी दोन्ही विजेतेपदं चीनला मिळाली. फोटोत जिंकणारे दिसतात. पण शैली एकदा मोडली की पूर्वीसारखी परत येईलच असं नसतं, हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं.

ऑलिम्पिकमध्ये टेबल टेनिस १९८८ साली आलं. तेव्हापासून पॅरिसपर्यंत दिलेल्या ४२ सुवर्णपदकांपैकी ३७ चीनची आहेत. हा आकडा वाचताना तो टब आणि ती नक्कल करणारी माणसं डोळ्यांसमोर आणा.

दिल्लीत घडलेली गोष्ट

आता या मालिकांच्या गाभ्याचा प्रश्न: संघ मोठा की माणूस? प्रत्येक मालिकेत तो येतो, आणि बहुतेक मालिकांत नायक शेवटी संघासाठी स्वतःला मागे ठेवतो. खऱ्या इतिहासात एका मुलीने उलट उत्तर दिलं, आणि तेही आपल्या दिल्लीत.

१९८७ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा नवी दिल्लीत झाली. महिला एकेरीच्या उपांत्य फेरीत दोन चिनी खेळाडू समोरासमोर आल्या, 'हे' आडनावाची झिली आणि ग्वान जियानह्वा. त्या काळी चिनी संघात 'सामना सोडण्याची' पद्धत होती. अंतिम फेरीत परदेशी खेळाडूविरुद्ध कोण जास्त चालेल हे प्रशिक्षक ठरवायचे आणि दुसरीने हरायचं. झिलीला हरायला सांगितलं गेलं. ती खेळायला उतरली आणि जिंकली. मग अंतिम फेरीत दक्षिण कोरियाच्या यांग यंग-जाला हरवून जगज्जेती झाली.

पुढच्या वर्षी सोल ऑलिम्पिकला टेबल टेनिस पहिल्यांदाच खेळलं जाणार होतं. चीनच्या संघात जगज्जेत्या झिलीचं नाव नव्हतं.

ती जपानला गेली, लग्न केलं, चिरे कोयामा झाली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत जपानकडून खेळताना अंतिम सामन्यात तिने डेंग यापिंगला हरवलं. उंचीमुळे नाकारलेली एक आणि हरायला नकार दिलेली दुसरी. एकाच शिडीने घडवलेल्या दोन बायका दोन देशांच्या कपड्यांत एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. चीनमध्ये त्या पराभवानंतर अनेकांनी झिलीला देशद्रोही ठरवलं. माझं मत विचाराल तर तिने दिल्लीत केलं ते बरोबर केलं. पण सामना सोडणाऱ्यांनाही मी भित्रं म्हणणार नाही. ज्या संघाने सातव्या वर्षापासून जेवू घातलं, त्याला 'नाही' म्हणायला काय लागतं ते बाहेरच्याला सांगता येणार नाही.

झिलीसारखे शिडीवर घडून दुसऱ्या देशांकडून खेळलेले चिनी खेळाडू बरेच आहेत. नी शियालियान १९८३ मध्ये चीनच्या विजेत्या संघात होती, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ६१ व्या वर्षी लक्झेंबर्गकडून खेळली.

'पण काही मालिकांत पोरं संध्याकाळी घरी जातात की!'

भाचीने हाही मुद्दा काढला, आणि तो खरा आहे. या मालिका दोन जातीच्या आहेत. एक शिडीच्या, 'पिंग पाँग'सारख्या. दुसऱ्या शाळेतल्या संघाच्या. २०१९ मध्ये हुनान वाहिनीवर आलेली 'द प्रिन्स ऑफ टेनिस' दुसऱ्या जातीची. तिचं मूळ जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. जपानमध्ये शाळा सुटल्यावर खेळाच्या क्लबात थांबणं हा शालेय आयुष्याचा रोजचा भाग आहे, म्हणून तिथल्या गोष्टींत शाळेचा संघ असतो. चीनने ती गोष्ट घेतली, पण चिनी शाळेत असा क्लब सहसा इतका फुललेला नसतो. कारण 'गाओकाओ', म्हणजे बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. नववी-दहावीपासून पोरं रात्री उशिरापर्यंत वर्गात असतात. आपल्याकडे कोटा किंवा लातूरला क्लास लावलेल्या पोरांना विचारा, संध्याकाळी मैदानावर किती जण जातात.

त्यामुळे चिनी मुलांना ही दुसरी जात स्वप्नासारखी वाटत असणार: अभ्यासही चालू, घरही आहे, आणि टेनिसही खेळता येतंय. प्रत्यक्षात फार वर्षं निवड एकच होती. पुस्तक धरा, नाहीतर शिडी धरा. मधला रस्ता म्हणून खेळाडूंना श्रेणीची प्रमाणपत्रं मिळतात आणि ठरावीक श्रेणी असली की विद्यापीठ प्रवेशात सवलत मिळते. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांसारखंच, पण वजन कितीतरी जास्त. २०२० मध्ये क्रीडा आणि शिक्षण खात्यांनी मिळून खेळ पुन्हा शाळेत आणण्याचं धोरण जाहीर केलं. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर गर्दी कमी होत चालली होती. एकुलत्या एका मुलाला सहाव्या वर्षी वसतिगृहात ठेवायला शहरातले आईबाप तयार नसतात.

एवढी यंत्रणा, मग फुटबॉलमध्ये काय झालं?

ही शंका हटकून येते. चीनचा पुरुष फुटबॉल संघ एकदाच विश्वचषकाला पोहोचला, २००२ मध्ये. तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य.

शिडी काही खेळांत फार चांगली चालते: तंत्र घोटून बसवता येतं, एका प्रशिक्षकाजवळ मोजकी मुलं पुरतात आणि जगात स्पर्धा कमी असते. डायव्हिंग, टेबल टेनिस, बॅडमिंटन, नेमबाजी, वेटलिफ्टिंग. महिलांच्या खेळांवर इतर देश पैसे खर्च करत नव्हते तेव्हा चीनने केले. १९८१ ते १९८६ या काळात चीनच्या महिला व्हॉलीबॉल संघाने लागोपाठ पाच जागतिक विजेतेपदं जिंकली, आणि महिला फुटबॉल संघ १९९९ च्या विश्वचषकात अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. हिशोबही बघा. फुटबॉलचा अख्खा संघ तयार करून ऑलिम्पिकचं एकच सुवर्ण मिळतं, तेवढ्याच मुलांमधून डायव्हिंगची कितीतरी मिळू शकतात. पदकं मोजणारा अधिकारी कुठे पैसा घालेल?

फुटबॉलला गल्ली लागते. हजारो पोरांनी कोचशिवाय खेळायला लागतं. आपल्याकडे क्रिकेट जसं टेनिस बॉलवर, बोळात, भिंतीवर खडूने स्टंप काढून वाढलं, तसं. वरून खाली आलेल्या हुकमाने गल्ली तयार होत नाही. त्यात भ्रष्टाचाराची भर: फुटबॉल संघटनेच्या माजी अध्यक्षाला २०२४ मध्ये जन्मठेप झाली.

गल्ली तयार झाली ती अनपेक्षित ठिकाणी. ग्वेईझोऊ या डोंगराळ प्रांतातल्या रोंगजियांग तालुक्यात २०२३ मध्ये गावागावांच्या वीस संघांनी आपली स्पर्धा भरवली. खेळणारे शेतकरी, दुकानदार, ड्रायव्हर. बक्षीस बैल, बकरी, डुक्कर. बघायला हजारोंनी लोक लोटले. ज्याने जत्रेतल्या कबड्डीत बोकड जिंकलाय त्याला ही स्पर्धा समजावून सांगावी लागणार नाही. मालिका करणाऱ्यांनी इकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

ही लहान पोरांवर बळजबरी नाही का?

छुआन होंगछान ही ग्वांगडोंग प्रांतातल्या झानजियांगजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. सात वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर खेळताना एका प्रशिक्षकाने तिची उडी पाहिली आणि तिला क्रीडाशाळेत घेतलं. पुढे प्रांतिक संघ, मग राष्ट्रीय. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, चौदा वर्षांच्या या मुलीने डायव्हिंगमध्ये दहा मीटरवरून उड्या मारत ४६६.२० गुण मिळवले आणि सुवर्ण जिंकलं. ती तिची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. नंतर पत्रकारांना तिने सांगितलं की आई आजारी आहे, तिच्या उपचारासाठी पैसे मिळवायचे आहेत.

त्या घराला शिडीने जे दिलं ते दुसरं कुणी देणार नव्हतं. आणि त्याच वाक्यात चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर किती ओझं होतं तेही आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणाला पोलीस घरातून उचलून नेत नाहीत. आईबाप स्वतः सोडायला येतात. पण गरिबी मागे उभी असली की त्या निवडीला मोकळी निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाहेर पडण्याची वाट दाखवली ती टेनिसपटू ली ना हिने. २००८ च्या अखेरीस तिला आणि आणखी तिघींना राष्ट्रीय संघाबाहेर राहून स्वतःचा प्रशिक्षक, स्वतःचं वेळापत्रक ठरवायची मुभा मिळाली. आधी कमाईचा ६५ टक्के वाटा सरकारकडे जायचा, तो ८ ते १२ टक्क्यांवर आला. जोखीमही तिचीच झाली. २०११ मध्ये तिने फ्रेंच ओपन जिंकली, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन. चीनमध्ये याला 'एकटीने उडणं' म्हणतात. मालिकेत हा शब्द ऐकलात तर संदर्भ हा आहे.

मालिका म्हणजे सरकारी प्रचारच ना मग?

तिथे मालिका करायची तर आधी कथानकाची नोंद करावी लागते आणि तयार झाल्यावर प्रसारणाचा परवाना घ्यावा लागतो. २०२० मध्ये शक्यतो ४० भागांच्या वर जाऊ नये असाही नियम आला होता. त्यामुळे उत्तेजकं घेणारा खेळाडू, सामना सोडायला लावणारा प्रशिक्षक, पदकांसाठी आकडे फुगवणारा अधिकारी हे विषय सहसा येत नाहीत, आले तरी शेवटी व्यवस्था दुरुस्त होते. १९९४ च्या त्याच हिरोशिमा स्पर्धेत चीनचे अकरा खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले होते. त्यावर कुणी चाळीस भाग केलेले माझ्या बघण्यात नाहीत.

तरी या मालिकांना नुसता प्रचार म्हणून बाजूला सारू नये. वसतिगृहाच्या खोलीतले लोखंडी पलंग, फोनवर आईला 'सगळं ठीक आहे' म्हणणारा आवाज, दुखऱ्या मनगटावर पट्टी बांधून कोचपासून लपवणारा मुलगा, हे शिडीवर राहिलेल्या माणसांकडून ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही. (आवाजावरून आठवलं: चिनी मालिकांत बऱ्याचदा आवाज नटाचा नसतो. नंतर दुसरा कलाकार तो भरतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं वाटलं तर तुमच्या मोबाईलचा दोष नाही.)

खाली उतरणाऱ्याचं काय?

मालिका पहिल्या संघात पोहोचलेल्यांवर संपते. पण शिडी वर निमुळती होत जाते, म्हणजे बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या पायरीवरून उतरावं लागतं. सातव्या वर्षापासून निम्मा दिवस सरावात गेलेला असतो. वीस-पंचवीसाव्या वर्षी हातात ना पदवी, ना दुसरं काम.

झोऊ चुनलान ही वेटलिफ्टिंगमधली राष्ट्रीय विजेती. २००६ मध्ये ती एका सार्वजनिक स्नानगृहात लोकांची अंगं घासण्याचं काम करताना आढळली, आणि चीनभर खळबळ उडाली. जिम्नॅस्ट झांग शांगवूने २००१ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सुवर्ण जिंकलं होतं. २०११ मध्ये तो बीजिंगच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात हातांवर उभं राहून पैसे मागत होता. लोकांनी व्हिडिओ काढले, तेव्हा ओळख पटली. या बातम्यांनंतर लोकांनी सरकारला धारेवर धरलं, त्या दोघांना मदत मिळाली, आणि खेळाडूंना शिकवण्याचा, काम लावून देण्याचा विषय धोरणाच्या कागदांत वर आला.

हे दोघे विजेते होते, म्हणून बातमी झाली. दुसऱ्या संघातून परत पाठवलेला, जपानी फटक्याची नक्कल करता करता स्वतःचा खेळ हरवून बसलेला, चाचणीत दोन गुण कमी पडलेला, यांना कोण ओळखणार?

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने मालिका मागे नेली आणि निवड झालेल्या मुलाच्या मागे उभी असलेली पोरं बघायला लागली. मला माझा चुलतभाऊ आठवला. तीन वर्षांनी गुडघा दुखावला आणि तो तालमीतून परत आला. एसटीतून उतरला तेव्हा ट्रंक त्याने खांद्यावर घेतली होती, आणि काका न बोलता पुढे होऊन ती आपल्या डोक्यावर घेऊन चालू लागले होते. तो आता दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. जत्रेच्या फडाला जातो, पण मागे उभा राहतो. ट्रंक माळ्यावर आहे. त्यात वहिनी बियाणं ठेवतात. झाकणाच्या आतल्या बाजूला तालमीचं नाव आणि त्याचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे, ते अजून वाचता येतं.